बाबूसिंगनं लादलेलं विमान

भोजूनगर तांड्यात कोणाच्याही दारात माल चढवायला गाडी लागली, की बाबूसिंग आडे तिथे टपकलाच म्हणून समजा. बोलावणं असो की नसो. दोन्ही हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायची, चढवलेल्या पोत्यांकडे पाहून जीभ टाळ्याला लावून 'च्‌च्‌' करायचं आणि मग म्हणायचं, "उतरवा सारं. याले लादनं म्हनत नाई. हे त उकिरड्यावर शेन फेकनं झालं." लोक बिचारे घामाघूम झालेले असायचे, पण उतरवायचे. कारण नाही उतरवलं तर हा माणूस गाडीपुढे उभा राहून पणजोबाची कथा लावणार, आणि त्या कथेपेक्षा पोती उतरवणं परवडलं.

कथा तीच, वर्षानुवर्षं. गोर, म्हणजे बंजारा लोकांचा धंदा एकेकाळी लदेणीचा. म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोणी लादायच्या आणि मुलुखोमुलुखी पोचवायच्या. बाबूसिंगचा पणजा म्हणे शेकडो बैलांच्या तांड्याचा नायक. बैलाच्या डाव्या अंगाची गोण आणि उजव्या अंगाची गोण यात मूठभर दाण्यांचाही फरक निघायचा नाही. असेल बाप्पा, खरंही असेल. पण ते पणज्याचं! खुद्द बाबूसिंगनं जन्मात एका बैलाच्या पाठीवर गोण टाकली नव्हती. स्वतःच्या वावरात कपाशी आणि सोयाबीन घ्यायचा, आणि हंगामात अडत्यांचे ट्रक लादायचा. लादायचा चांगलं, यात वाद नाही. त्याच्या ट्रकची दोरी वाटेत कधी ढिली झाली नाही. पण चांगलं काम करणारा माणूस चूप राहिला तर शोभून दिसतो, आणि हा चूप राहील तर शपथ.

त्याची बायको धनीबाई त्याच्या तोंडावर म्हणायची, "तुह्या पणज्यानं बैल लादले, तू टमटम लादतं. मिशा कायले पिळतं मंग?" घरात हे गोरबोलीत चालायचं, इथे सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगितलं. बाबूसिंगचं उत्तर ठरलेलं असायचं, "चूप बेस!" आणि धनीबाई चूप बसणाऱ्यांतली नव्हती.

बाप लखीराम मरताना त्याला दोन गोष्टी सांगून गेला होता. एक, कमी बोलत जा. दुसरी, आपण लादलेला माल वाटेला लागायच्या आधी परत उतरवू नको, उतरवला की लादणाऱ्याचा हात जातो. पहिली गोष्ट बाबूसिंगनं बापाच्या राखेसोबतच पाण्यात सोडली. दुसरी मात्र गाठ मारून ठेवली. दुसऱ्यांचा माल तो खुशाल उतरवायला लावायचा. त्यांचा हात गेला तर याच्या बापाचं काय जात होतं?

आता दुसरा नमुना, नानाजी गावंडे. शेजारच्या गावचा मोठा शेतकरी. बागायत, ट्रॅक्टर, दारात चारचाकी, सारं होतं. पण त्याला विचारा 'तुम्ही कोण', तर तो सांगणार, "आपन भाऊसाहेबांचे मानूस." भाऊसाहेब कधीकाळी मुंबईत मंत्री होते. खुर्ची गेली त्याला जमाना झाला, पण गळ्याला लागलेली हाराची खाज काही गेली नाही. ती खाजवायचं काम जिल्ह्यात नानाजीकडे होतं. वाढदिवस झाला की सत्कार, दवाखान्यातून सुटले की सत्कार, आणि काहीच निमित्त नसलं तर 'सदिच्छा भेट' म्हणून सत्कार.

आपल्याकडची रीत आहे, पाहुणा रिकाम्या हातानं वाटेला लावायचा नाही. लेक सासरी निघाली की आई तिच्या पिशवीत डाळ कोंबते, वर चार लिंबं टाकते, नको नको म्हटलं तरी पापडाचा डबा देते. रीत चांगलीच आहे. पण नानाजीसारखी माणसं एखाद्या चांगल्या रीतीची कशी माती करतात ते पाहा. भाऊसाहेबांना कोणत्या गावानं किती वजनाचं दिलं, यावर त्या गावाची निष्ठा ठरायची. हलकी भेट देणारा पुढच्या सत्काराला व्यासपीठावर दिसायचा नाही. आणि भाऊसाहेब? ते "अरे, कशाला, कशाला" म्हणत प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचे. पण कधी काही मागे ठेवून गेले नाहीत.

त्या एप्रिलात भाऊसाहेबांची पंच्याहत्तरी निघाली. ते विमानानं येणार होते. कोण्या दोस्ताचं भाड्याचं छोटं विमान होतं, आठेक माणसांचं. भोजूनगरच्या माळावर सरकारनं फार मागे एक धावपट्टी बांधून ठेवली आहे. वर्षातून एखादं विमान तिथे चुकूनमाकून उतरतं. बाकी दिवस तिच्यावर शेळ्या बसतात, पोरं मोटरसायकल शिकतात, आणि हंगामात तांड्यातल्या बाया तूर वाळत घालतात. एवढ्या सपाट, एवढ्या स्वच्छ जागेचा दुसरा काही उपयोग कोणाला सुचला नाही.

विमानाची कॅप्टन एक बाई होती, निशिगंधा नावाची. पस्तिशीच्या आसपासची, बोलायला सरळ. सोबत दुसरा एक पायलट होता, तो तिच्याहून नवखा. तिनं आदल्या दिवशीच नानाजीला फोनवर सांगून ठेवलं होतं, की सकाळी उतरलो की ऊन चढायच्या आत परत निघायचं. उन्हानं हवा तापली की ती विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, आणि ही पट्टी तशीही आखूड आहे. नानाजी म्हणाला, "अगदी बरोबर मॅडम." झालं काय? सकाळी कळंबला चिंतामणीचं दर्शन, मग मिरवणूक, मग सत्कार, मग भाषणं. पहिल्या वक्त्यानं भाऊसाहेबांना हिमालय म्हटलं, म्हणून दुसऱ्याला त्यांना सूर्य म्हणावं लागलं. अशानं मंडळी धावपट्टीवर पोचली तेव्हा डोक्यावरचा खरा सूर्य असा तापला होता, की डांबर चपलांना चिकटत होतं.

मागून भेटींची जीप आली. मुकुटबनवाल्यांची तूरडाळ, ढाणकीवाल्यांची हळद, कोणाचे गहू. सारी पोती टम्म भरलेली. कॅप्टन बाईनं जीपकडे पाहिलं आणि हात जोडले. "नानाजी, मागच्या खणात फक्त साहेबांची बॅग आणि हलकं काही. ही पोती नाही चालणार. ट्रकनं पाठवा."

"हाव मॅडम. तुमी म्हनसान तसं," नानाजी म्हणाला.

बाई विमानाच्या पलीकडे चाकं-पंखे तपासायला गेली, आणि नानाजीनं बाबूसिंगला खूण केली. बाबूसिंगला त्यानं खास बोलावून आणलं होतं. "बाबूसिंग, भर पटपट. भाऊसाहेबांची भेट ट्रकनं गेली त मही इज्जत काय राह्यली? ढाणकीचे लोक थोबाडीत मारतीन."

बाबूसिंगची छाती एवढी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली. विमान लादायचं! पणज्यानं बैल लादले, बापानं छकडे लादले, पण विमान? साऱ्या गोर समाजात कोणी लादलं असेल? विमानाच्या शेपटाकडे माल ठेवायचा एक खण होता. बाबूसिंगनं तीन पोती डाव्या अंगाला लावली, तीन उजव्या अंगाला, आणि मधोमध बारीक दोरी आवळली. दोन्ही बाजू हातानं तोलून पाहिल्या. काटा आणला असता तरी फरक निघाला नसता. तेवढ्यात कळंबचे लोक धावत आले, लाकडी खोक्यात चांगला वजनदार पितळी समई-जोड घेऊन. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तेही आत गेलं. वरून शाली अंथरल्या, शालींवर फुलांचे गुच्छ रचले. आता बघणाऱ्याला वाटावं, नवरीची पालखी आहे.

प्रवाशांत भाऊसाहेब, त्यांची दोन माणसं, आणि ऐनवेळी चढलेला नानाजीचा मुलगा अमर. पोरगा चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या गोष्टीत चांगली माणसं फार नाहीत. कृषी पदवी घेतलेला, बापासारखा बोलघेवडा नव्हता. त्याला मुंबईला नेऊन कुठेतरी चिकटवून देतो, असा शब्द भाऊसाहेबांनी व्यासपीठावर दिला होता. म्हणून नानाजीनं त्याला तिथल्या तिथे विमानात बसवला, अगदी मागच्या खुर्चीत, खणाला लागून.

बाई फिरून मागच्या दाराशी आली. फुलं पाहिली, शाली पाहिल्या, आणि बाबूसिंगला विचारलं, "काका, यात काय काय ठेवलंत?"

खरं सांगायला किती वेळ लागतो? पण खरं सांगितलं असतं तर बाईनं पोती उतरवायला लावली असती. साऱ्या जिल्ह्यासमोर, नानाजीसमोर, भाऊसाहेबांसमोर, बाबूसिंग आडेनं लादलेला माल एका पोरसवदा बाईनं उतरवला असता. बाबूसिंगनं मिशीवर हात फिरवला.

"फुलं हायेत बाई. शाली हायेत. हलकंफुलकं."

"नक्की ना?"

"आमच्या सात पिढ्या लदेणीत गेल्या. लादनं तुमी आमाले नका शिकवू."

आतून भाऊसाहेब ओरडले, "अहो कॅप्टन, चला की! उकडून मारता का?" बाईनं क्षणभर शालीकडे पाहिलं, आणि दार लावलं. तिनं ती शाल उचलून पाहायला हवी होती, हे खरंच. तिचं काम होतं ते. पण एका बाजूनं घाई लावणारा माजी मंत्री, दुसऱ्या बाजूनं सात पिढ्यांची हमी देणारा म्हातारा. तिनं म्हाताऱ्याचा शब्द धरला. शब्द धरावा असा म्हातारा तो नव्हता.

विमान पळालं. पळालं, पळालं, पट्टी संपत आली तरी पळतच होतं. मग एकदम नाक उचललं. बँडवाल्यांनी जोरात वाजवायला घेतलं. नाक आणखी वर गेलं. मग आणखी. नानाजी टाळ्या वाजवत होता, आणि त्या टाळ्या तशाच थांबल्या, कारण विमान पुढे जाईना. शेपूट खाली लोंबलेलं, तोंड आभाळाकडे, आणि जागच्या जागी थरथरत होतं. मग ते डाव्या पंखावर कलंडलं, आणि पट्टीपलीकडच्या पऱ्हाटीच्या वावरात जाऊन आदळलं. धुळीचा लोट उठला, आणि त्या धुळीत पिवळं काहीतरी मिसळलेलं होतं. हळद होती ती.

सगळे धावले. बाबूसिंगही धावला. नशीब की पेट घेतला नाही. पुढचे दोघे पायलट जिवंत होते. बाईचे दोन्ही पाय अडकलेले, ती शुद्धीत होती आणि एकच विचारत होती, "मागे काय होतं? मागे काय होतं?" भाऊसाहेबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांच्या माणसांना मुका मार. अमर मात्र मागच्या खुर्चीत वाकला होता. दोरी तुटून पोती त्याच्या पाठीवर आली होती. बाबूसिंगनं ती एकेक करून उचलली. खाली पोरगा मरून पडला होता.

आणि आता ऐका मोठ्या माणसाचं मोठेपण. भाऊसाहेबांना स्ट्रेचरवर घातलं होतं, दुखण्यानं चेहरा पांढराफटक. त्यांनी आपल्या ड्रायव्हरला, पिंटूला, बोटानं जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, बायकोपोरांना निरोप देतात. ते म्हणाले, "टीव्हीवाले यायच्या आत ती पोती उचल." पिंटूनं जीप वावरात घातली. बाबूसिंग तिथेच उभा होता, पिंटूनं "उचल, उचल" म्हटल्यावर त्याच्या हातांनी सवयीनं पोती उचलली आणि जीपमध्ये नीट लावली. तीन इकडे, तीन तिकडे, समईचं खोकं मधे. नानाजी लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं हे सारं पाहिलं.

पुढचा तमाशा काय सांगावा! पानठेल्यावर बसणारा प्रत्येक जण विमानाचा डॉक्टर झाला. कोणी म्हणे पक्षी घुसला. कोणी म्हणे शेळी आडवी गेली. शेपटात तूरडाळीचे दाणे सापडले, तर एक दीडशहाणा म्हणाला, तांड्याच्या बाया पट्टीवर तूर वाळवतात, तिचे दाणे चाकाखाली आले असतील. म्हणजे मंत्र्याची डाळ मंत्र्याच्या विमानात फुटली, आणि दोष आला तांड्याच्या बायांच्या पदरात. आणि या साऱ्यांच्या वरताण, ज्यांना मोटरसायकल धड वळवता येत नाही ते मांडीवर थाप मारून म्हणत, "बाईमानसाच्या हाती इमान देल्लं, दुसरं काय व्हनार?"

नानाजीनं अमरची तेरवी केली आणि पोलिसांत जाऊन लिहून दिलं, की कॅप्टन बाईच्या हलगर्जीपणानं मुलगा गेला. बाई नागपूरच्या दवाखान्यात पडून सांगत होती, की मागे वजन होतं, विमानाचं नाक खाली येत नव्हतं, मला फुलं आहेत असं सांगितलं गेलं. कोण ऐकतो? दुसऱ्या पायलटला डोक्याला मार लागला होता, त्याला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. पोती तर कुठेच नव्हती, आणि ती चढताना पाहिलेल्यांनी तोंडं शिवून घेतली होती. बाईवर गुन्हा दाखल झाला. तिचं उडणं तर गेल्यातच जमा होतं, वर तुरुंगाची वेळ आली होती.

बाबूसिंग काय करत होता? बाबूसिंग तांड्यात बढाया मारत होता! लाज वाटावी माणसाला. "मही लादनी चुकूच शकत नाई. इकडे तीन, तिकडे तीन. बाईनंच नाक वर ओढलं." तो हे इतक्यांदा म्हणाला, की खरंच मानायला लागला होता. मेलेल्या पोराच्या पाठीवरून पोती उचलणारे हात त्याला रात्री झोपू देत नव्हते, तरी सकाळी उठून मिशी पिळायची ती पिळायचीच.

मग चौकशीचे साहेब आले, विमानांचे अपघात तपासणारे. यवतमाळच्या विश्रामगृहात बसून एकेकाला बोलावू लागले. बाबूसिंगला बोलावणं आलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी नानाजी तांड्यात आला. अंगात पांढरा सदरा, दाढी वाढलेली. खाटेवर बसला आणि म्हणाला, "बाबूसिंग, उद्या इतकंच सांगजो. फुलं होती, शाली होत्या. बाई फोनवर बोलून राह्यली होती, घाईत होती. मह्या अमरचा जीव त वापस येनार नाई. कोनाले त सजा झाली पाह्यजे ना?"

"हाव नानाजी," बाबूसिंग म्हणाला. "मी चुकलोच नाई, त डर कायचा?"

नानाजी गेला. धनीबाईनं भाकर वाढली, ताटाच्या कडेला ठेचा ठेवला आणि समोर बसली.

"एक सांग. बैलगाडी मांगून भरली, समोर रिकामी ठेवली, त काय होते?"

"उलाळ होते," बाबूसिंग घास तोडत म्हणाला. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"उलाळ म्हंजे?"

"गाडी मांगं बसते. जू वर उच..." आणि घास हातातच राहिला.

डावं-उजवं त्यानं मुठीमुठीनं तोललं होतं. बैलाच्या पाठीला डावं-उजवं असतं. पण गाडीला पुढं-मागं असतं, हे गाडीवर सारी हयात गेलेल्या माणसाच्या डोक्यात आलंच नाही. येणार कसं? डोक्यात पणजा बसला होता, छाती फुगवून.

"चूप बेस!" तो ओरडला. धनीबाई चूपच होती. मग ती म्हणाली, "थ्या पोरीनं तुले इचारलं होतं का, मांगं काय हाये म्हनून?"

बाबूसिंगनं साऱ्या तांड्याला सारं सांगितलं होतं. तीन इकडे, तीन तिकडे, दोरी कशी आवळली, शाली कशा अंथरल्या. हे एवढंच कोणाला सांगितलं नव्हतं.

"इचारलं होतं."

"तू काय सांगतलं?"

"फुलं हायेत."

धनीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर तिनं त्याला टोमणे मारले होते, पण त्यात माया असायची. या वेळी नव्हती. "मले वाटे, मानूस बडबड्या हाये, पन खोटारडा नाई. तेवढं त होतं तुह्याजवळ." ती उठली, त्याचं ताट तसंच ठेवून आत गेली. बाबूसिंग रडला. मोठ्यानं रडला, शेजारच्यांनी ऐकावं इतका, आणि कोणी ऐकतं का याची त्याला पहिल्यांदाच पर्वा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात नानाजी आधीच बसलेला होता, अमरचा हार घातलेला फोटो मांडीवर घेऊन. बाबूसिंग त्याच्याकडे न बघता आत गेला. टेबलामागे दोन साहेब होते. एक हिंदीतून विचारायचा, दुसरा मराठी होता.

"बाबा, त्या दिवशी सामान तुम्ही चढवलं?"

"आमच्या सात पिढ्या..." जीभ सवयीनं घसरली. बाबूसिंग थांबला. "हाव. म्याच लादलं. सहा पोते, डाळीचे, हळदीचे, गव्हाचे. एक खोकं. सारं शेपटात."

मराठी साहेबाची लेखणी थांबली. "पोती? तिथे तर काही सापडलं नाही."

"जीपमधी बी म्याच लादले. भाऊसाहेबाच्या पिंटूनं नेले."

"कॅप्टननं तुम्हाला विचारलं होतं?"

"इचारलं. म्या फुलं हायेत म्हनलं."

"का?"

किती मोठं कारण असेल असं साहेबांना वाटलं असावं, कारण दोघंही पुढे वाकले. "तिनं उतरवाले लावले असते साहेब. लोकायसमोर मही लाज गेली असती."

"एवढंच?"

"एवढंच."

हिंदीवाल्या साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मराठी साहेब म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळतं का? हे लिहून घेतलं तर गुन्हा तुमच्यावरही येईल." बाबूसिंग म्हणाला, "लिवा." त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि बाबूसिंगनं खाली सही केली.

बाहेर आला तर नानाजी उभा. दार उघडंच होतं, आतलं सारं व्हरांड्यात ऐकू येत होतं. नानाजीनं फोटो बाकावर ठेवला आणि बाबूसिंगच्या कानाखाली अशी काढली, की पागोटं जमिनीवर गेलं. "तू मारलं मह्या पोराले!"

"हाव," बाबूसिंग म्हणाला. पागोटं त्यानं उचललं नाही. "आपन दोघायनं मारलं नानाजी."

नानाजीनं पुन्हा हात उगारला. तो हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला आणि नानाजी बाकावर बसला.

"अमर म्हनत होता," तो म्हणाला. "बसाच्या टायमाले मले बाजूले घेऊन म्हनत होता, बाबा, दोन-तीन पोते उतरवा, बाईले खरं सांगा. म्या त्याले म्हनलं, मोठ्या मानसासमोर पोते मोजतं का बे? जा, बस मांगं." त्यानं फोटोवर हात ठेवला. "थो काही बोलला नाई. जाऊन बसला."

बाबूसिंग त्याच्या शेजारी जाऊन टेकला, दोघं म्हातारे एका बाकावर.

तेवढ्यात नानाजीच्या खिशात फोन वाजला. पाहिलं तर भाऊसाहेब. खुबा मोडला तरी कान शाबूत होते, विश्रामगृहात काय चाललं त्याची खबर मुंबईला पोचलीही होती. आणि पाहा हं, लेकाच्या फोटोवरचा हात काढून नानाजीनं डोळे पुसले, कॉलर नीट केली, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "जी भाऊसाहेब. हाव भाऊसाहेब. नाई नाई, थो बह्याड हाये, त्याचं कोन आयकते... जी, मी सांभाळतो..." हे बोलताना तो येडा, तो बह्याड, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता.

बाबूसिंगनं हात लांबवला आणि फोन त्याच्या कानावरून काढून घेतला. अगदी सावकाश, झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा.

"राम राम भाऊसाहेब. मी बाबूसिंग. तुमचे पोते म्या दोनदा लादले, एकदा इमानात, एकदा जीपमधी. आता आत साहेब इचारून राह्यले, उतरवले कुठी. थे तुमीच सांगा, मले मालूम नाई."

पलीकडून फोन कट झाला. बाबूसिंगनं तो नानाजीच्या हातात परत दिला. नानाजी त्या काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत राहिला. शिव्या देईल, मारेल, असं बाबूसिंगला वाटत होतं, आणि त्यानं मार खायची तयारीही केली होती.

फोन पुन्हा वाजू लागला. भाऊसाहेबच. नानाजीनं तो वाजता वाजता बाकावर ठेवला, अमरचा फोटो उचलून छातीशी धरला आणि साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मले बी काही सांगाचं हाये."